सड्याखालची विहीर

(करंजसडा नगरपंचायतीचे नगरसेवक श्याम यांची पडवी. सड्याच्या पायथ्याच्या बौद्धवाडीतल्या निवृत्त शिक्षिका प्रेमलाबाई आल्या आहेत.)

प्रेमलाबाई : बारा गुंठे आंब्याची कलमं तुझी, सड्याला लागून. आज गुंठ्याला दोन लाख मिळतील. सड्यावर हॉटेल नि गाळे आले की नऊ, म्हणजे सात जास्त. बारा साती चौऱ्याऐंशी. सड्याचा हिरवा पट्टा उठवायला शुक्रवारच्या सभेत तू हात वर केलास, तो चौऱ्याऐंशी लाखांचा, श्याम.

श्याम : पाढे तुम्हीच शिकवलेत, बाई. पण हात तेरा जणांनी वर केले. आणि सडा म्हणजे नुसता कातळ. हिरवा पट्टा आहे तो फक्त नकाशात; आठ महिने तिथे गवताची काडी नसते.

प्रेमलाबाई : उरलेले चार महिने त्याच कातळाच्या भेगांतून पाऊस झिरपतो नि आमच्या विहिरीत उतरतो. चाळीस घरं तेवढ्यावर मे काढतात. वर काँक्रीट ओतलंत की खाली काय राहील?

श्याम : विहिरीचं सभेत निघालं होतं. पण पाहणीच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय, विहीर वापरात नाही, वाडी विकतचं पाणी पिते.

प्रेमलाबाई : पिताना कुणी पाहिलं?

श्याम : पाहणीला आलेल्या नगररचनेच्या साहेबांनी. मी होतो की बरोबर. तुमची सून रेणुका ट्रेमधून सीलबंद बाटल्या घेऊन आली. साहेबांनी तिथल्या तिथे टिपून घेतलं.

प्रेमलाबाई : त्या तुमच्यासाठी होत्या रे. आत हंडे भरलेले होते. रेणुका म्हणत होती, हंड्यातलंच देऊ. मी अडवलं. म्हटलं, मोठी माणसं, आपल्या घरचं पाणी पुढे केलं तर अवघडतील. तुझे आजोबा भातलावणीला माणसं सांगायला आमच्या अंगणात यायचे. तहान नाही म्हणायचे नि भर उन्हात घरी जाऊन घटाघटा प्यायचे. ते बघत वाढले मी. चूक माझी झाली.

श्याम : मग तेव्हाच सांगायचंत साहेबांना.

प्रेमलाबाई : सोमवारी हरकतींची सुनावणी आहे ना, तिथे सांगणार. वाडीतल्या बायका हंडे घेऊन येतायत. प्रत्येक नगरसेवकापुढे विहिरीच्या पाण्याचं एक फुलपात्र. प्यायलात तर विहीर वापरात आहे असं लिहा. नाही प्यायलात, तर का नाही प्यायलात ते इतिवृत्तात लिहा. काय लिहाल ते आमच्या चिपळूणच्या वकिलाकडे जाईल.

श्याम : बाई, ही जबरदस्ती झाली.

प्रेमलाबाई : पाणी विचारण्याला जबरदस्ती म्हणणारा तू पहिलाच.

श्याम : आणि मी प्यायलो तर माझ्या बारा गुंठ्यांचं काय?

प्रेमलाबाई : आंबे लागतील. दरवर्षी लागतात तसे.

श्याम : तुमचं काय, बोलून मोकळ्या. मला त्या तेरा जणांत बसायचंय.

प्रेमलाबाई : वर्गातही तू शेजाऱ्याच्या पाटीवर बघूनच लिहायचास. सोमवारी शेजारी काय करतो ते बघू नकोस, एवढंच सांगायला आले. येते मी.

श्याम : थांबा. त्या बाटल्यांचा खर्च पाहणीच्या बिलात घाला, असं साहेब म्हणाले होते. बिल माझ्याकडे सहीला आलं, त्यात बाटल्या नव्हत्या.

प्रेमलाबाई : असतील कशा? सहा बाटल्या होत्या. वाडीने वर्गणी काढली. घरटी तीन रुपये.