सात फॉर्मांतली कोंडाबाई

खोटं कोण बोललं ते आधी ठरवू, सर, मग चहा. न्हाई, तुम्ही 'खोटं' म्हणाला न्हाईत, ऐकलं मी, तुम्ही 'तफावत' म्हणालात — फॉर्मवर एक अन् तोंडात एक, म्हणून तफावत. पुण्यात तफावत म्हणत असतील, आमच्या लातुरात त्याला खोटंच म्हणतात. अन् तुम्ही तर मुदखेडचे ना, आत्ताच सांगितलंत, स्टेशनच्या मागं घर हाय म्हणून — मग माझ्याशी टीव्हीवरल्यासारखं कशाला बोलून राहिलात? सरळ विचारा. ऋतुजा माझी एकुलती एक. मागच्या आठवड्यात तुमच्या विद्यापीठाची मुलाखत देऊन आली, पाऊण तास बोलली, अन् घरी आली ती दोन-दोन पायऱ्या चढत आली, म्हणाली, आई, त्यांनी लई प्रश्न विचारले अन् मला सगळ्यांची उत्तरं येत होती. आणि आज तुम्ही दारात येऊन म्हणता की तुमच्या पोरीनं फॉर्मवर लिहिलं वृद्धाश्रमाचं अन् मुलाखतीत बोलली जेवणाच्या डब्यांचं, म्हणून प्रवेश अडकवून ठेवलाय. शनिवारी यादी, तोवर खुलासा द्या. हाव, समजलं मला. मी बारावी पास हाय, खानावळ चालवते म्हणून अडाणी न्हाई.

पाय जपून, तिथं डबे उपडे घातलेत. ती दुपारचे डबे घेऊन स्कूटीवर गेलीय, चार हॉस्टेलं करून येईल अर्ध्या तासात. तोवर चहा घ्या अन् माझ्याशी बोला. तिला काही विचारायचं असंल तर मी समोर असताना विचारायचं. तुम्हाला इथलं काही माहिती हाय का न्हाई? या गावात पोरांच्या दोनच जाती — डॉक्टर होणारी अन् डॉक्टर न झालेली. तिसरी जात माझ्या पोरीनं काढली. डॉक्टरकीची नीट परीक्षा दिली, मार्क सरकारी कॉलेजाला पुरले न्हाईत, लगेच क्लासवाल्यांचे फोन सुरू — ताई, रिपीटर बॅचला बसवा, पोरगी हुशार हाय, पुढच्या वर्षी चौकात फोटो लावू. ती म्हणाली, मला फोटो नको, मला धंदा शिकायचा. झालं. हिचे पप्पा निलंगा डेपोला एसटी चालवतात, वीस वर्षं लोकांची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला आणून सोडतात — दोन दिवस ताटावर बसले न्हाईत. शेजारीण म्हणाली, दुकान काढायला डिग्री कशाला लागती गं, शटर लागतं. मी म्हणाले, शटर तुमच्याकडं हायच की, वर कोण करणार तेवढंच अडलंय. असं तोंडावर बोलते मी. कुणाला भीत न्हाई. — आता पहिले दोन महिने कुणी विचारलं तर 'रिपीट करून राहिली' म्हणायचे मी, ती गोष्ट वेगळी. ते आपलं उगं लोकांचं तोंड बंद करायला.

तुमचं विद्यापीठही तिनंच शोधलं. मला तर तुमचा तो चकचकीत कागद बघून हसू आलं होतं — झाडाखाली एक गोरा पोरगा, एक आफ्रिकेतला, एक चिनी दिसणारी पोरगी, अन् मधी आपली एक ओढणीवाली, चौघं एकाच लॅपटॉपमधी बघून हसून राहिलेत. मी विचारलं, हे रोज असंच हसतात का, अभ्यास कधी करतात. ती म्हणाली, आई, चित्र सोड, आतलं वाच. पहिल्याच वर्षी पाचजणांना मिळून खरा धंदा चालवायला देतात, बुडाला तर का बुडाला ते लिहून द्यायचं, अन् त्याला मार्क हायेत. तिसऱ्या वर्षी सहा महिने बाहेरदेशी, तिथल्या एखाद्या कंपनीत न्हाई तर दुकानात. बुडाल्याचे मार्क देणारं कॉलेज — हे लातुरात कुणाला सांगितलं तर मलाच येड्यात काढतील. इथल्या कॉलेजात तिची मैत्रीण हाय याच धंद्याच्या कोर्सला, ती धंद्याचा पेपरसुद्धा गाईडमधून पाठ करते. नफा म्हणजे काय, व्याख्या, चार मुद्दे, आकृती. तिच्या घरचं किराणा दुकान हाय सर, तिला नफा पाठ करावा लागतो. म्हणून तुमच्याकडं. परदेशासाठी न्हाई. परदेश काय, आमच्या गल्लीतला एक कॅनडात ट्रक चालवतो.

काय दाखवून राहिलात त्या टॅबवर? आणा इकडं, चष्मा लावते. हाव, हाच तो फॉर्म. इंग्रजीत हाय, पण कळतं मला — 'सुट्टीत मी वृद्धाश्रमात जात असे, तिथं कोंडाबाई नावाच्या आजींनी माझा हात हातात घेतला अन् मला नेतृत्वाचा अर्थ उमगला.' बरं मग? वाईट काय हाय त्यात? हा दुसरा कुणाचा? नायगावच्या पोराचा. याचाबी हात... कोंडाबाईनंच. सरकवा. हा उदगीरचा. कोंडाबाई. हळू सरकवा हो, वाचू द्या. मुखेड, कोंडाबाई. सात हायेत? सात पोरांचा हात एकाच बाईनं धरला अन् सातहीजणांना नेतृत्वच उमगलं, एकाला तरी आजीचा हात थंड लागायचा होता. नांदेड-लातूरच्या पोरांनी एवढी सेवा करायची ठरवली तर दोन जिल्ह्यांत म्हातारी माणसं पुरायची न्हाईत. — हसा, हसा तुम्ही. मला न्हाई हसू येत. मला म्हणाला होता, ताई, हे खास तुमच्या पोरीसाठी बसून लिहिलंय.

कोण म्हणाला? कुणी न्हाई. — चहा निवून राहिला.

बरं, ऐका मग, एवढे टक लावून बघताय तर. शिवकुमार म्हणून एक हाय नांदेडात, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, जिन्यात सगळ्या देशांचे झेंडे. ऋतुजाला मी म्हणाले, नायगावला तुझ्या मावशीकडं चाललेय, अन् नांदेडलाच उतरले. तिनं तिचं हातानं लिहिलेलं, फोटो काढून, आधीच पाठवलं होतं, पण शेवटच्या तारखेपर्यंत बदलता येत होतं, अन् ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो — मी दिला. त्यानं तिचं काढलं, हे टाकलं. दहा मिनिटांचं काम. तिला ठाऊक न्हाई. तिला अजूनही ठाऊक न्हाई सर. अन् असं बघू नका माझ्याकडं. तुमच्याच फॉर्मवर होतं ना, 'स्वतः पाहिलेल्या एका अडचणीबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहा, कुठल्याही भारतीय भाषेत चालेल'? असं सगळीकडंच लिहिलेलं असतं. स्वतःच्या शब्दांत. दहावीला ऋतुजानं लिहिलं स्वतःच्या शब्दांत, मार्क गेले. ज्यांनी क्लासचं छापील उत्तर जसंच्या तसं मांडलं त्यांना पैकीच्या पैकी. मग मी काय शिकायचं त्यातनं? मॉडेल उत्तर तयार मिळत असताना स्वतःचं लिहिणारा येडा — हे मी ठरवलं का? साऱ्या गावानं ठरवलं, त्याच्यावर चार-चार मजली क्लास उभे केले, अन् आता तुम्ही येऊन मला इमानदारी विचारता. तुम्ही मुदखेडहून वर गेलात ते स्वतःच्या शब्दांत गेलात का? न्हाई ना. मग खाली कशाला बघता.

तिनं काय लिहिलं होतं? तुम्हाला माहिती हाय, तुम्हीच तर ऐकून बसलात पाऊण तास. डब्यांचं. रविवारी क्लासची टेस्ट असते, सोमवारी सकाळी मार्क लागतात, अन् सोमवारी दुपारचे डबे भरलेलेच परत येतात. मला हे दहा वर्षं दिसत होतं, मी म्हणायचे, पोरांची थेरं. तिनं वहीत मांडलं — कोणत्या खोलीचा डबा कोणत्या वारी भरलेला आला. चार महिने मांडलं. मग म्हणाली, आई, सोमवारी पोळी-भाजी देऊ नको, घशाखाली उतरत न्हाई त्यांच्या, दहीभात दे, संग शेंगदाण्याची चटणी. दिला. डबे रिकामे येऊ लागले. फेकायचं अन्न वाचलं, दुसऱ्या मेसची पोरं आमच्याकडं आली. हा धंदा न्हाई तर काय हाय? हेच सांगत बसली ती तुम्हाला, भाबडी, तिला काय माहिती की तुमच्या हातात कोंडाबाई हाय.

मग का बदललं? सांगितलं की. इंग्रजी चांगलं पाहिजे म्हणून. — हाव, मराठीत चालत होतं, आत्ताच मी म्हणाले. मग बरं दिसत न्हाई म्हणून. तुमच्याकडं मोठमोठ्या घरची पोरं येणार, कुणी लिहिणार दिल्लीचं, कुणी दुबईचं, अन् आमचीनं लिहायचं उष्ट्या डब्यांचं, आईच्या खानावळीचं. तेवढंच कारण. दुसरं काय असणार?

पुन्हा ती कोंडाबाई उघडू नका माझ्यापुढं. तिला बघूनच माणूस बोलत सुटतो.

ऋतुजाच्या कागदाच्या मागच्या पानावर आणखी एक होतं. तनुजा म्हणून पोरगी, देगलूरची, पलीकडच्या हॉस्टेलात तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिचा डबा तीन दिवस झाकणसुद्धा न उघडता परत आला. ऋतुजा म्हणाली, मी वर जाऊन बघते. तर मी काय म्हणाले ते तिनं तसंच्या तसं लिहिलं होतं — 'आई म्हणाली, डबा द्यायचं काम आपलं, खायचं तिचं. आपण मधी पडायचं न्हाई, हॉस्टेलवाले नाराज होतात, दुसऱ्या मेसला डबे देतील.' म्हणाले मी तसं. कुणीबी म्हणंल. ऋतुजा गेली, माझं न ऐकता गेली, दार वाजवत बसली, उघडेपर्यंत हलली न्हाई, अन् तनुजाच्या बापाला फोन लावला. बाप दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला. आता देगलूरलाच बीएस्सी करते, धडधाकट हाय, परवा फोन आला होता ऋतुजाला, अर्धा तास खिदळत होत्या दोघी. पण कागदावर पुढची ओळ काय होती माहिती हाय? 'त्या दिवशी मला कळलं की धंदा कसा करायचा नाही.' कसा करायचा नाही. पोटच्या पोरीनं. माझ्यावरून. अन् हे मी तुमच्या दहा शिकलेल्या माणसांपुढं जाऊ द्यायचं? दीडशे पोरांच्या पोळ्या लाटते मी सर, रोज, माझ्या हातून कधी कुणी उपाशी झोपलं न्हाई — म्हणजे...

झोपलं. ती तनुजा झोपली. तीन दिवस.

थांबा, उठू नका. हे घ्या. फाडलं न्हाई मी. शिवकुमार म्हणाला, हे कामाचं न्हाई, टोपलीत टाका, मी घडी घालून घेऊन आले, तेव्हापासून पिठाच्या डब्यामागं हाय. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, अक्षर बघा कसं हाय. काढा फोटो. मागच्या पानाचा आधी काढा, वाचू येईल असा काढा. अन् तुमच्या त्या टॅबवर लिहा — फॉर्म आईनं बदलला, ओटीपी आईनं दिला, पोरीला कळू दिलं न्हाई. सिंधु, राहणार लातूर, माहेर निलंगा. लिहिलं? सही लागत असंल तर देते, अंगठा न्हाई, सही. आता तुम्हाला जी तफावत वाटते ती माझी हाय, तिची न्हाई. प्रवेश द्यायचा तर या कागदावर द्या, नाकारायचा तर याच कागदावर नाकारा, तक्रार न्हाई माझी. पण दुसऱ्याच्या लिहिण्यापायी तिला बाहेर काढलंत तर तुमच्या कुलगुरूंच्या दारात येऊन बसंन मी, अन् मला बसायची सवय हाय. दया मागून न्हाई राहिले. तिनं लिहिलं ते वाचा, एवढंच म्हणते. मी वाचलंय. किती वेळा ते नका विचारू.

ऐका — स्कूटी. तीच हाय. न्हाई न्हाई, कागद लपवायची गरज न्हाई, राहू द्या तुमच्यापाशी. पण तिला तुम्ही काही सांगायचं न्हाई. एक शब्द न्हाई. तुम्ही 'तफावत'सारखा शब्द हळूच ठेवता अन् निघून जाता. तिला सांगायचं माझं मी बघंन, अन् ते तुमच्या देखत होणार न्हाई. — ये गं. हे विद्यापीठाचे सर, निघालेच होते. — त्यांना नको विचारू, मी सांगते. निघा सर, चहा राहिला तर राहिला. ऋतुजा, ते डबे राहू दे खाली. बस. इथं, माझ्या समोर बस. — सर, जाताना दार ओढून घ्या.