दरवर्षीचा फोन

पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरली फोनवर बोलत होती.

"हो गं, बरे आहेत. एकच डोळा राहिलाय, पण माझ्यावर वटारायला तेवढा पुरतो. ठेवते."

"ताई, भावोजींना जाऊन वर्ष होत आलं."

"मला सांगतेस?"

"डोळ्याच्या कॅन्सरचे देशभरातले पेशंट किती जगतात, ते मोजायला दरवर्षी फोन करतात ही कॅन्सर-नोंदणीची माणसं. तुझ्यामुळे आकडा चुकेल."

"चुकू दे एकाने."

"पण का?"

"लाखांत एखाद्याला होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एखाद्याची चौकशी आता ही फोनवरची मुलगी एकटीच करते. गेले म्हटलं, तर तिचाही फोन बंद."

"मग पुढच्या वर्षी काय सांगशील?"

"चष्म्याचा नंबर वाढला म्हणेन."