हिरवी पट्टी

…नाही, मी काय म्हणतो, माणसानं सभ्य असावं, पण किती? आणि कुठे? इमर्जन्सीत? तुम्हाला सांगतो, सकाळी सासऱ्यांच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, मी होतो तसाच त्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं, तर तिथे ही गर्दी! खाटा संपल्या म्हणून स्ट्रेचरं पार लिफ्टच्या दारापर्यंत, लिफ्ट उघडली की शेवटचा पेशंट पाय आखडून घेतोय, एक बाई स्वतःची सलाइनची बाटली स्वतःच उंच धरून उभी, खुर्ची एक, बसणारे दोन… आणि दारात सिस्टर. लाल पट्टी बांधली की लगेच आत, हिरवी बांधली की बसा! 'काय होतंय आजोबा?' आता काय सांगावं माणसानं? हे कॉलर नीट करतात आणि म्हणतात, 'मजेत!'

झालं! हिरवी पट्टी!

मी म्हटलं, 'अहो सिस्टर, त्यांच्या छातीत…' 'पेशंटला बोलू द्या हो! इथे प्रत्येक नातेवाइकाला छातीतच दुखतंय!' खरंच होतं ते, शेजारच्या बोट चेमटलेल्याची बायकोही तेच सांगत होती. तासाभरानं शिकाऊ डॉक्टर आला, 'बरं वाटतंय ना?' 'मजेत!' वॉर्डबॉय बिचारा नुसता व्हीलचेअर ढकलत चालला होता, त्याला आपणहून हाक मारून, 'मजेत!' आणि इकडे चेहरा पांढराफटक! कानात म्हटलं, 'बाबा, जरा कण्हा हो!' तर म्हणे, 'चारचौघांत? शोभतं का?'

दोन तास! मला तर रडूच यायला लागलं, खोटं कशाला बोलू… बायको बाहेरगावी, तिला काय तोंड दाखवू? आणि एकदम सुचलं. या माणसाची जगात एकाच गोष्टीबद्दल तक्रार आहे! सिस्टरला म्हटलं, 'हात जोडतो, त्यांना फक्त एवढंच विचारा, जावई कसा आहे?'

विचारायचा अवकाश… 'जावई? अहो, सकाळपासून छातीवर कुणी बसल्यासारखं झालंय, डावा हात बधिर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि हा मनुष्य मला दोन तास अर्ध्या खुर्चीवर बसवून ठेवतो!'

लाल पट्टी! पाच मिनिटांत आत! वाचले हो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर… जाऊ दे.

पण केसपेपर बघा! 'मुख्य तक्रार' अशी ओळ असते ना? तिथे सिस्टरनं गडबडीत जे पहिलं ऐकलं तेच लिहिलंय, 'जावई'. आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून नातेवाइकाची सही… माझीच. दुसरं होतंच कोण तिथे?