बाल्कनीतले बांगडे

हसू नका, त्या दिवशी माझं भाड्याचं घरच हातचं जायचं. जपानमध्ये परक्या माणसाला घर द्यायला लोक कां-कूं करतात. मला मिळून महिनाही झाला नव्हता आणि नवापूरहून आई राहायला आली होती.

मे महिन्यात तिथे मुलांचा सण असतो. बाल्कनीत काठीला मोठमोठे रंगीत कापडी मासे टांगतात. मी कामावर होतो. आईने ते लांबून पाहिले आणि बाजारातून आणलेले बारा बांगडे चिरून, मीठ लावून आमच्या बाल्कनीत दोरीवर सुकत घातले.

संध्याकाळी आलो, तर घरमालकीणबाई नाक दाबून दारात उभ्या. आई म्हणाली, "सगळी गल्ली मासं सुकवते, मंग आमीच काय केलं?"

"आई, ते कापडाचे आहेत. पोरं धडधाकट व्हावीत म्हणून लावतात."

आईने बाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कापडानं पोरं धडधाकट व्हतात? यांना सांग, आमचं दोन दिसांत सुकतील. पोरांना घेऊन जेवाया या."

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. बाईंनी नाकावरचा हात काढला.

"नातवंडं तीन आहेत. चालेल?"