दोन नंबरचं सिलिंडर गप्प बसलं तेव्हा

...आणि वर मलाच म्हणतात, तुझा पाय जड आहे, क्लच नीट सोडत नाहीस. म्हणजे बडनेरा मागं पडल्यापासून गाडी आचके देते आहे, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला आहे, अकोल्याला अकरा वाजता माझी मुलाखत आहे, माती तपासायच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा, एकच जागा, तिला केमिस्ट्रीवाली बीएस्सी पाहिजे, ती मी आहे, आणि दोष कोणाचा? माझ्या पायाचा. तुम्हाला सांगते, मी एसटीनं जाते म्हटलं होतं.

पण मोठे बाबा... मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नत्थुजी, आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय कुकरची शिटी होत नाही. ते म्हणाले, "घरी गाडी उभी हाय अन् पोरगी एसटीत लटकून जाईन? लोकं काय म्हनतीन?" लोकं काय म्हणणार, पोहोचली म्हणतील. पण नाही. बरं, गाडी निघाली म्हणजे रिकामी जाऊ नये हा दुसरा कायदा, म्हणून मोठे बाबा स्वतः, शेजारचे रामरावकाका डोळे दाखवायला, आणि अकोल्याच्या आत्यासाठी तुरीच्या डाळीचं अख्खं पोतं. चालवणार मी, कारण बाबा शेतात आणि लायसन दुसऱ्या कोणाकडे नाही. शिकवणार मात्र दोघं.

आता गाडी मिसिंग मारते म्हणजे काय, तर आमच्या व्हॅनच्या इंजिनात तीन सिलिंडर, तिघांनी पाळीपाळीनं पेट घ्यायचा, त्यातलं एखादं गप्प बसलं की बाकीची दोन ओढतात आणि गाडी उचकी लागल्यासारखी चालते. पोळा झाला तेव्हापासून हेच चाललं होतं. मी घरी सांगितलं, प्लग बघून घेऊ. मोठे बाबा म्हणाले, "जुनी हाय, दमली असन." रामरावकाका म्हणाले, "पेट्रोलात रॉकेल हाय." रामरावकाकांना सगळीकडे रॉकेल दिसतं, गेल्या वर्षी त्यांच्या म्हशीनं दूध कमी केलं तेव्हाही त्यांचा संशय पंपावरच होता. आणि प्लगचं काय? प्लगचं काही नाही, मुलीनं काढलेली गोष्ट ती, हवेत सुटली आणि विरली.

मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडीनं जीवच सोडला. समोर मुजम्मिलभाईंचं गॅरेज होतं, तेवढं एक नशीब. त्यांनी सीट उलटली, खालचं इंजिन कसंबसं चालू केलं आणि एकेका प्लगची वायर ओढून बघायला लागले. पहिली काढली, इंजिन अजून लंगडलं, म्हणजे तो कामाचा. तिसरी काढली, तसंच. दुसरी काढली आणि... काही नाही. इंजिनाला पत्ताच नाही की आपल्यातलं कोणी कमी झालं.

"बेटी, हा दोन नंबरवाला मुफत की रोटी तोडून राहिला," मुजम्मिलभाई म्हणाले.

मी म्हटलं, प्लग! त्यांनी एकचा प्लग दोनात घातला, दोनचा एकात. एक नंबर चालू, दोन नंबर तसाच गप्प. म्हणजे प्लग बरा, वायर खराब. ठीक आहे, मी प्लग म्हटलं होतं, वायर निघाली, दोघं शेजारीच राहतात. रामरावकाका खिडकीतून म्हणाले, "रॉकेलानं वायर खराब होते."

मग मुजम्मिलभाईंनी त्या वायरीचं रबरी टोपण चिमटीत धरलं, बोटं चोळली, बोटांचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी खाऊन हात पुसले होते.

"ये तो तूप हाय."

तूप. आणि हळद. तिन्ही वायरींना, टोपणांच्या आत, आणि करंट वाटणारं जे डबडं असतं, डेल्को म्हणतात त्याला, ते उघडलं तर आत पिवळं पाणी. मी वळून विचारलं, मोठे बाबा, गाडीला तूप कोणी लावलं? ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोळ्याच्या आदल्या दिवशी लावतच असते."

खांदशेकणी तुम्हाला माहीत असेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुवायचे, आणि जिथं जू बसतं तो खांदा हळदीनं, गरम तुपानं शेकायचा, वर्षभराचं दुखणं उतरतं म्हणतात. आमचे बैल गेल्या साली विकले गेले. कापसात काही राहत नव्हतं, ट्रॅक्टर भाड्यानं मिळत होता, दारात व्हॅन आली. घरात कोणी त्यावर एक शब्द बोललं नव्हतं. मला वाटलं होतं, विषय संपला.

"पन इंजिनाले काहून?" रामरावकाकांनीच विचारलं, रॉकेल सोडून पहिल्यांदा काहीतरी.

"मंग कोठी लावू?" मोठे बाबा म्हणाले. "वजन तर थेच ओढते ना. गरम पान्यानं धुतलं अन् लावलं."

माझ्याकडे एक चांगलं झणझणीत वाक्य तयार होतं, जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि मला गिळायची सवय नाही. मुजम्मिलभाईंनी मान खाली घालून पाना पुसला आणि म्हणाले, "बाबा, इसका खांदा इथं नसते. टायरपाशी असते. पुढच्या साली टायरले लावजा."

"बरं झालं सांगतलं," मोठे बाबा म्हणाले.

मग तिन्ही वायरी नवीन, डेल्कोचं टोपण नवीन, आतला रोटर नवीन, आणि मी हट्टानं प्लगसुद्धा नवीन टाकायला लावले. सामान समोरच्या दुकानात होतं, दुकानदार मात्र बारशाला गेलेला. तो पेढे खाऊन आला, हात धुतले, आम्हालाही पेढा दिला, मग कुलूप उघडलं. इंजिन असं चालू झालं म्हणता, शिवणयंत्रासारखं. फक्त अकरा केव्हाच वाजून गेले होते. मी एसटीनं जाते म्हटलं होतं.

अकोल्यात शिपाई म्हणाला, मुलाखती झाल्या, जागा भरली. मी फाईल घेऊन वळले, तर मोठे बाबा सरळ साहेबांच्या खोलीत. "तिचा कसूर नाही जी. गाडीले तूप म्या लावलं." आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बैलांच्या नावांसकट. मला वाटलं, आता दोघांना बाहेर काढतील. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तूप गाईचं होतं की म्हशीचं?"

साहेब बार्शीटाकळीचे. त्यांच्याही घरचे बैल गेले होते, भावानं फोनवर कळवलं होतं. मग जे दोघं बसले... शिंगं कशी, चाल कशी, कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा. मी दारात उभी. साहेबांनी मला पूर्ण वेळात एकच प्रश्न विचारला, "ताई, चहात साखर चालते ना?" चालते म्हटलं. उत्तर बरोबर असावं, चहा आला.

जागा गेली ती गेलीच, त्यात बदल नाही. साहेबांनी मोठ्या बाबांना मात्र रविवारी घरी जेवायला बोलावलं आहे, आणि निघताना मला म्हणाले, "रस्ता खराब आहे, सांभाळून आणा त्यांना." तर बीएस्सी झाल्यावर मला मिळालेलं पहिलं काम हे असं आहे. सकाळी लवकर निघायचं आहे.