वरचे अकरा सूर

...नाही नाही, तिथे नका ठेवू ती हत्यारांची पेटी, तिथे पहिलीतली पोरं बसतात, आणि पहिलीतलं पोर जिथे बसतं तिथल्या फरशीने काय काय सोसलंय ते तुम्हाला माहीत नाही. खिडकीत ठेवा. हां. आणि मघाशी काय म्हणालात — पियानोला काही झालेलं नाही? अहो, मग मी काय हौस म्हणून ऑफिसात तीन तीन अर्ज दिले? वरचे सूर गेलेत. अकरा. मी स्वतः मोजलेत. पट्टी दाबली की नुसतं लाकूड वाजतं, टक टक, सुताराच्या दुकानात बसल्यासारखं. तुमचे वडील यायचे ना इथे, ते झाकण उघडून नुसतं आत नाक घालायचे आणि म्हणायचे, बाई, दमट झालंय. त्यांना कान होता. तुम्ही आणलंय काट्याचं यंत्र! काटा मध्ये आला की सूर लागला! मग तुम्ही तरी कशाला आलात, काट्यालाच पाठवायचं की.

लावा, लावा, तुमचं काम करा, मी बोलत बसते. पुढचा तास पहिलीचाच आहे, अजून दहा मिनिटं आहेत. सव्वीस वर्षं झाली मला या खोलीत. लोकांना काय वाटतं, लहान मुलांना गाणं शिकवायचं — अय्या, किती मजा! मजा? पहिलीला गाणं आणि किंचाळणं यातला फरक कळत नाही, त्यातली दोन रोज भोकाड पसरतात आणि बाकीची ते गाणं समजून त्यांच्यामागे म्हणतात. दुसरीचे पुढचे दात पडलेले, निम्मा सूर फटीतून बाहेर. तिसरीला नुकतीच लाज वाटायला लागलेली — मुलगे मुलींच्या शेजारी उभे राहणार नाहीत, मुली तोंड उघडणार नाहीत. आणि चौथी! चौथीला सगळं येतं. चौथी फोनवर ऐकून येते, मान वाकडी करून, डोळे मिटून, नरड्याला हिसके देत गाते, आणि आया मागे उभ्या राहून डोळे पुसतात. मी त्या चौथीला एकदा साधा एक सूर धरायला लावला. एकच. दम लागेपर्यंत. अर्धा वर्ग हसायला लागला, उरलेला अर्धा खाली बसला. ही आपली उद्याची पिढी.

काय? — मोठ्याने बोला हो. तोंडातल्या तोंडात बोलायची फॅशनच निघाली आहे. पोरंही तशीच, स गिळतात, श गिळतात, शब्दाचं शेपूट तर हल्ली कुणी उच्चारतच नाही. आमच्या मुख्याध्यापिका बाईसुद्धा. मीटिंगला बसलं की नुसतं गुळगुळीत गुणगुण.

तर मी काय सांगत होते — मासे. तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्या धंद्यातली गोष्ट आहे. जे पोर बेसूर, त्याला मागच्या रांगेत उभं करायचं आणि प्रेमाने सांगायचं, राजा, तू नुसते ओठ हलव. आवाज काढायचा नाही. त्याचा झाला मासा. खुर्च्यांवरून बघणाऱ्याला काही कळत नाही, फोटोत सगळे गाताना दिसतात, आईबाप खूश. यात पाप काय आहे? मला माझ्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या बाईंनी. पूर्वी एका वर्गात तीन मासे निघायचे, फार तर चार. गेल्या वर्षी चौदा निघाले. आणि यंदा चौथीच्या त्रेचाळीस पोरांत किती, सांगा. एकतीस! एकतीस मासे! शुक्रवारी कार्यक्रम, आणि गाणार बारा जण, तेही त्यांचे आवाज जाडे आहेत म्हणून. बारीक आवाजाचं एक पोर सुरात नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज येतो एकेकाचा. मी म्हटलं ना तुम्हाला, पिढीच नासली.

आणि वर तक्रारी. गेल्या महिन्यात एक आई आली. शिवणकाम करते, गळ्यात मापाची पट्टी तशीच लोंबत होती, तुम्ही उभे आहात तिथेच उभी राहिली. तिची पोरगी म्हणजे आमची शिट्टी — नाव मीच ठेवलंय, तसाच आवाज होता — गेली तीन वर्षं पहिल्या रांगेत असायची, यंदा मी तिला मागे घातली. तर ही आई सांगते, बाई, पोरगी घरभर गात फिरायची हो, आता आरशासमोर उभी राहून नुसते ओठ हलवते. सराव करते म्हणे. मी म्हटलं, छान आहे, निदान एक काम तरी मन लावून करते. हसू नका — हसत नाही आहात? बरं. तर ती बाई जागची हलेना. म्हणते, एकदा डोळे मिटून ऐका तिचं. आता शिवणकाम करणारी मला ऐकायला शिकवणार! पण म्हटलं, एकदाचा निकाल लावू. पोरीला बोलावलं, डोळे मिटले, म्हटलं, म्हण. म्हटलंच नाही तिने. घाबरली असणार. मी आपली वाट बघत बसले, शेवटी डोळे उघडले, तर तिचं तोंड उघडं आणि आई रडतेय. कशाला रडायचं? मी तोंडावर सांगितलं, हिच्या गळ्यातून वरचा सूर निघतच नाही. तर ती बाई पोरीचा हात धरून सरळ ऑफिसात गेली.

तेव्हापासून हे सुरू झालंय. मुख्याध्यापिका बाई गोड बोलतात — थकलात हो तुम्ही, वाचनालय सांभाळता का? वाचनालय! पुस्तकांवरची धूळ झटकू मी? आणि इथे कोण येणार, ते पीटीचे सर? एका हाताने शिट्टी आणि दुसऱ्या हाताने पियानो? म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मी त्यांना लिहूनच दिलंय, पोरं बेसूर होतात कारण पियानो बिघडलाय, तो दुरुस्त करा आणि मग बघा. तेव्हा तुमच्या त्या कागदावर काय लिहाल त्यावर सगळं आहे. कळलं? नीट लिहा.

काय? परत तेच! ठीक आहे, म्हणालात — मग वाजवा. माझ्यासमोर वाजवा. ही शेवटची, टोकाची. दाबा... टक. ऐकलंत? टक. अजून जोरात दाबा, घाबरताय काय, तुमच्या बापाचा नाहीये — बरं, चुकलं, वडिलांचं नाव काढायला नको होतं. दाबा. टक. तिच्या अलीकडची. टक. बघा, आता काट्याचंच यंत्र बघा ना तुमचं, काय म्हणतो काटा?

मध्ये?

यंत्र बंद पडलंय. परत दाबा. आणि ही पहिलीतली पोरं आत्ताच कशाला दारात तडमडलीत... ए, काचेला नाकं लावू नका! परत दाबा तुम्ही. जोरात. दाबून धरा — ती सगळी कानात बोटं का घालतायत?

थांबा. सोडा.

आता दाबा.

...पुन्हा घातली.

त्या लाल रिबिनवालीला तर पियानो दिसतही नाही तिथून. तुमच्याकडे पाठ आहे तिची.

नको, आता वाजवू नका. पुरे. बसू द्या मला जरा. गेल्या वर्षीचे चौदा, यंदाचे एकतीस — आणि हे फक्त चौथीचे, तिसरीचे मी अजून मोजले नाहीत. तिने म्हटलं होतं हो. ती शिट्टी. माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून पूर्ण म्हटलं असणार तिने, आणि मी तिला... तिच्या आईसमोर सांगितलं मी. अहो, काय बघताय माझ्याकडे? लिहा ना. लिहा, वरचे अकरा सूर गेले, तारा मिळत नाहीत, वर्षभर लागेल. काय बिघडतं तुमचं? एक ओळ. तुमचे वडील असते तर त्यांनी — नाही, त्यांनी नसती लिहिली. तुम्हीही लिहू नका. द्या तो कागद इकडे. ठीक आहे असंच लिहिलंय का? आधीच लिहिलं होतंत? आणि मी इतका वेळ बडबडतेय आणि तुम्ही ऐकून घेतलंत.

झालं ना काम? मग उचला तुमची पेटी. शुक्रवारचं माझं मी बघेन, ऑफिसात काय बोलायचं ते मीच जाऊन बोलेन, तुम्ही त्यात पडू नका. निघा. आणि जाताना त्या पोरांना सांगा, बाईंचा तास आज नाही. ओरडू नका हं त्यांच्यावर. हळू सांगितलंत तरी चालेल. त्यांना ऐकू येतं.