शेजारणीची बेल

शहापूरच्या स्टँडवर मी किन्हवलीच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर पुण्यातला फ्लॅट बघून परतलेलं एक वयस्क जोडपं बसलं होतं.

“देवके, आता बोल. फ्लॅट घ्यायचा का नाय?”

“अवो, पुण्यात आपल्या ओळखीचं कोण हाय?”

“ऱ्हायला गेलो की होईल ओळख.”

“मी आजच करून आले. तुमी एजंटबरोबर गच्चीवर गेलात, तेव्हा शेजारणीची बेल वाजवली.”

“कशाला गो?”

“विरजण मागायला. त्यावरून माणूस कळतो.”

“नाय दिलं ना तिने?”

“दिलं की! हात धरून बसवलं, चहा पाजला. म्हणाली, चार वर्षांत बेल वाजवणाऱ्या तुमीच पयल्या.”

“मग शेजार चांगला हाय. घेऊन टाकू!”

“घ्या. पण ती रविवारी आपल्याकडे येतेय.”

“जेवायला?”

“नाय. किन्हवलीत घर बघायला.”